सोळा खटके

हे मी आजवर लिहिलेलं नाही, घरात बोललेलं नाही, मित्रांत तर नाहीच नाही. गाडीचा विषय निघाला की मी तासतासभर बोलतो. टायर, ब्रेक, इंजिन, काय वाट्टेल ते. पण सस्पेन्शनचं नाव निघालं की मी चहा मागवतो, नाहीतर फोन बघायला लागतो. लोकांना वाटतं, एवढ्यावर याला काही कळत नाही. वाटू दे. खरं म्हणजे मला तेवढंच सगळ्यात जास्त कळतं — आणि तेच सांगायचंय. तुम्ही समोर बसलाय असं धरतो. मधे अडखळलो तर अडखळू द्या, घाई करू नका.

गाडी कोणती ते आधी सांगतो. दोन दारांची, बुटकी, तांबडी. मागं सीट आहे म्हणायला, पण तिथं पिशवी सोडून काही बसत नाही. पुण्याहून जुनीच आणली होती. माझं वय तेव्हा त्रेचाळीस. या वयात शहाणी माणसं घरावर दुसरा मजला चढवतात, मी स्पोर्ट्स कार घेतली. मंजू, म्हणजे माझी बायको, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, आणि ते ऐकून वाटलं, न बोललेलंच बरं होतं. बरं, शोभेला ठेवायची म्हणूनही घेतली नव्हती. रोज तिच्यातूनच कामावर जायचो, मुकुंदवाडीहून वाळूजला, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाटेत गतिरोधक किती, खड्डे किती, हे मला झोपेत विचारा.

गाडी आली तेव्हाच तिचे शॉकअप, म्हणजे खड्ड्यांचे दणके झेलणारे दांडे, गेलेले होते. म्हणजे नवे टाकणं भागच होतं. आता टाकायचे तर कोणते? तीन महिने मी दुसरं काही केलं नाही. जेवताना व्हिडिओ, ऑफिसात व्हिडिओ. एक रस्ता सरळ होता, कंपनीचे होते तसेच बसवायचे, गुमान चालवायची. दुसरा रस्ता पोरासोरांचा: बुटक्या स्प्रिंगा टाकून गाडी आणखी खाली बसवायची, मग दिसते झकास, पण प्रत्येक गतिरोधकावर पोट घासतं. आणि तिसरा — तिसऱ्यात माझा जीव अडकला. प्रत्येक शॉकअपवर एक नॉब. नॉबला सोळा खटके. डावीकडं फिरवलं की गाडी नरम, उजवीकडं फिरवलं की कडक. पुढचे दोन बॉनेट उघडलं की दिसतात, मागचे दोन डिकीत, गालिचाखाली. दोन मिनिटांचं काम. रोजच्या रस्त्याला नरम ठेवा, मोकळ्या हायवेला कडक करा.

आमचे मिस्त्री सलीमभाई. तीस वर्षं गाड्यांखाली झोपलेला माणूस. त्यांनी डबा उघडून नॉब पाहिला आणि मला म्हणाले, "रोज चलानी है ना साब? फिर नरम रखो. कमर आपकी है, गाडी की नै." मी हसलो. पुढं दुखली ती कंबर माझी नव्हतीच की.

आता मामांचं सांगतो. मामा म्हणजे माझे सासरे, मंजूचे आबा. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडंच राहायला होते, मुकुंदवाडीत. पण जीव सगळा देवगाव रंगारीत. तिथं त्यांची जमीन, विहिरीजवळच्या तुकड्यात अद्रक. दर रविवारी सकाळी पिशवी घेऊन यष्टीनं निघायचे, दिवसभर रानात हिंडायचे, संध्याकाळी परत. नखांत माती, पिशवीत कांदे, आणि तोंडावर जे काही असायचं ते आठवडाभर पुरायचं. सोमवारी आम्हाला सांगायचे, कोणत्या सरीत काय आलं. मंजू ऐकायची. मी हूं हूं करायचो.

तर शॉकअपचं खूळ मी घरात काढलं, तेव्हा मंजू कडाडली. आधी गाडी, आता गाडीला दागिने का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — अगं, मामांसाठीच तर घेतोय. हे नरम करता येतं. या वयात यष्टीत हाडं मोडून घेतात, त्यापेक्षा मीच नेत जाईन दर रविवारी.

विचार केला होता का मी असा? छे. जीभ पुढं धावली. पण मंजूचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. तिनं मला त्या दिवशी जेवताना स्वतःहून दुसऱ्यांदा वरण वाढलं. मामा नुसते खाली बघून हसले. जावयानं आपल्यासाठी एवढं करावं, हे त्यांना जरा जडच गेलं असणार.

सुरुवातीचे चार-पाच महिने मी नेलंही. खोटं नाही सांगत, मलाही बरं वाटायचं. मामा गाडीला इमान म्हणायचे, म्हणजे विमान. आत बसायचं म्हणजे आधी बूड टेकवायचं, मग पाय घ्यायचे, हे त्यांनी दोन रविवारात शिकून घेतलं. देवगावात पारापाशी उतरताना मुद्दाम सावकाश उतरायचे, सगळ्यांनी बघावं म्हणून. "आमच्या पाव्हण्यांनी माझ्यासाठी पाटे बदलून घेतले," असं चारचौघांत सांगायचे. पाटे असतात बैलगाडीला, ट्रकला, स्प्रिंगेच्या जागी. मी दुरुस्त करायला जायचो नाही.

मग मला कंटाळा आला. झालं, आला कंटाळा. याला दुसरा शब्द नाही. शहरात माझ्यासारखे चार-पाच गाडीवेडे आहेत. ते रविवारी सकाळी खुलताबादच्या घाटानं वर जायचे, वेरुळला नाश्ता करायचे, फोटो टाकायचे. आणि मी? मी कांद्याची पिशवी मागं टाकून कसाबखेडा फाट्याच्या पुढं, चाळीसच्या वेगानं. एकदा त्यांच्यातलाच एकजण रस्त्यात भेटला, काचेतून मामांकडं बघून हसला, आणि संध्याकाळी त्यानं आमच्या ग्रुपवर लिहिलं, आजची नेव्हिगेटर सीट लई अनुभवी होती. सगळे हसले. मीही हसणारी खूण टाकली. त्या रात्री मला मामांचाच राग आला. त्या बिचाऱ्यांचा काय संबंध?

नाही म्हणायचं होतं ना सरळ? म्हणता येत नव्हतं. मामांच्या नावावर मी शॉकअप आणले होते. आता नेत नाही म्हटलं, तर मंजूनं पहिला प्रश्न तोच विचारला असता, मग शॉकअप कुणासाठी आणले?

पहिल्यांदा झालं ते चुकून झालं, हे मला सांगू द्या. एका शनिवारी मी एकटाच हायवेला गेलो होतो, सगळे नॉब शेवटपर्यंत उजवीकडं होते, आणि परत फिरवायचे राहून गेले. रविवारी मामा बसले. गाडी अशी आदळत होती की माझे स्वतःचे दात वाजत होते. देवगावात उतरताना मामा दार धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले. परत आल्यावर दोन दिवस कंबर धरून चालले. आणि पुढच्या शनिवारी म्हणाले, या खेपेला राहू द्या पाव्हणं, पुढच्या रविवारी बघू.

मला अख्खा रविवार मोकळा मिळाला. घाट, वेरुळ, नाश्ता, फोटो.

आता इथं — इथं मला जरा थांबायला लागतंय. पाणी पिऊन येतो.

हं. तर त्याच्या पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी बॉनेट उघडलं, आणि नॉब उजवीकडं फिरवले. पुढचे दोन, मग डिकीतले दोन. शेवटच्या खटक्यापर्यंत. चुकून नाही. मोजून. मला माहीत होतं मी काय करतोय आणि कशासाठी करतोय. म्हाताऱ्याला त्रास व्हावा, इतका की त्यानं स्वतःच नको म्हणावं. म्हणजे नाही मी म्हणायचं नाही, ते म्हणतील. सोमवारी कामावर जाताना परत नरम. शनिवारी परत कडक. असं पाच रविवार. लागोपाठ नाही, कारण मधे मधे ते खरंच नको म्हणायला लागले होते.

त्यातल्या एका शनिवारी मामा अंगणात आले. मी वाकलेलो, हात नॉबवर. विचारलं, काय करताय? म्हटलं, जरा ढिलं झालंय, आवळतोय. त्यांनी बॉनेट वर धरलं, मला त्रास नको म्हणून. "आवळा, आवळा," म्हणाले, "रोज एवढ्या लांब जाता, जिवाला जपा." मी आवळलं. त्यांनी बॉनेट धरलेलं असताना.

तुम्ही म्हणाल, ते बोलले का नाहीत? स्वतःचा बाप असता तर दुसऱ्याच खड्ड्यावर ओरडला असता, लेका, गाडी चालवतो का दगड फोडतो. पण मामा सासरे होते. आमच्याकडं जावयाच्या ताटाला, घराला, गाडीला नावं ठेवत नाहीत. जावयानं दिलं ते गोड. मीठ कमी असलं तरी गोड, हाडं खिळखिळी झाली तरी गोड. कशी आहे गाडी, विचारलं की म्हणायचे, लई झ्याक. ओठ पांढरे पडलेले असायचे. मी स्वतःला सांगून ठेवलं होतं, एक शब्द बोलू देत, लगेच नरम करतो. किती सोयीचं ठरवलं होतं बघा मी. ते बोलणार नाहीत, हे मला त्यांच्याइतकंच माहीत होतं.

मी धरून चाललो होतो की ते गाडीला कंटाळतील. परत यष्टीनं जायला लागतील, मंजूलाही काही बोलायला जागा राहणार नाही, संपलं. पण गाडीला दोष द्यायचा नाही म्हटल्यावर माणूस दोष कुणाला देणार? त्यांनी स्वतःच्या कंबरेला दिला. मंजूला म्हणाले, माझी कंबर गेली बाई. एवढ्या भारी गाडीत सोसत नाही, तर यष्टीत काय सोसणार?

मंजूनं हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं थोडी झीज आहे, सगळ्यांनाच असते. पण मामांनी त्यातला झीज तेवढा शब्द घरी आणला. कमरेला पट्टा आला. खाली मांडी घालून जेवायचे, ते खुर्चीवर बसायला लागले. वाकायचं बंद केलं, चप्पलसुद्धा मंजू पुढं सरकवून द्यायची. देवगावला जाणं थांबलं. आणि जमीन, अद्रकाच्या तुकड्यासकट, पुतण्याला बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देऊन टाकली. त्या दिवशी पुतण्या पेढे घेऊन आला होता. मामा म्हणाले, कंबरच ऱ्हायली न्हाई, रान कुणाच्या जिवावर करू? आणि मी पेढा खाल्ला.

दोन वर्षं गेली अशी. दोन. मामा गेटाजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पावसाचं विचारायचे. माणूस म्हातारा दिसायला लागला, कारण म्हातारं झालोय असं त्याला कुणीतरी पटवून दिलं होतं. मी सकाळी त्यांच्यासमोरून गाडी काढायचो. नरम.

मग पुतण्याच्या मुलीचं लग्न निघालं, देवगावलाच. आम्ही माणसं जास्त, म्हणून सगळे काळ्या-पिवळ्या जीपमधून गेलो. मामांना मागं बाकड्यावर जागा मिळाली, पट्टा आवळून बसले. रस्ता तोच. जीप कशी उडते ते काय सांगायला पाहिजे? देवगावात उतरले, आणि कुणाला न सांगता रानात जाऊन आले. मांडवात माझ्याशेजारी बसले, आणि हळूच विचारलं, "पाव्हणं, आज कंबर कशी काय गप बसली?"

विचारलं म्हणजे खरंच विचारलं. त्यांना उत्तर पाहिजे होतं. मी शिकलेला, इंजिनिअर, मला माहीत असणार. मला माहीत होतंही. मी म्हणालो, पट्ट्याचा गुण असेल. त्यांनी मान हलवली. पट्ट्यावरून हात फिरवला. तो हात बघून मला मांडवातून उठून जावंसं वाटलं, पण उठलो नाही, जेवलो.

सांगितलं कधी? तर पकडला गेलो तेव्हा. स्वतःहून नाही, तेवढी फुशारकी मला मारता येणार नाही. एक शॉकअप तेल गळायला लागला म्हणून गाडी सलीमभाईंकडं होती. मामांना गुलमंडीत धोतर घ्यायचं होतं. धोतर घेऊन आम्ही रिक्षानं गॅरेजवर गाडी आणायला गेलो. सलीमभाईंनी बॉनेट उघडून सांगितलं, साब, चार पे रख्या मैं. मामांनी विचारलं, कशाचं चार? झालं. सलीमभाईंना असा ऐकणारा माणूस कुठं मिळतो? "चाचा, इसमें सोला खटके हैं. इधर घुमाओ तो पलंग, उधर घुमाओ तो पत्थर." आणि मामांचा हात धरून नॉबवर ठेवला.

मामांनी फिरवला. उजवीकडं. एकेक खटका, कट्, कट्, शेवटपर्यंत. मग हात तिथंच ठेवून उभे राहिले. भारी हाय की, म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

त्यांना कळलं होतं का? का नुसती गंमत वाटली? मला सांगता येईना. परत नरम करून मी गाडी काढली, ते शेजारी, मांडीवर धोतराचा कागद. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं ब्रेक लावला. गाडी कडेला घेतली आणि सांगितलं. सगळं. शनिवार, नॉब, पाच वेळा, घाट, नाश्ता. मंजूशी मामांसाठी म्हणून खोटं बोललो तेही. त्यांनी बॉनेट धरलं होतं तेव्हाचंसुद्धा. माफी मागायचं मनात होतं, पण कोणत्या तोंडानं? वाटलं, आता शिव्या येतील. यायला पाहिजे होत्या. कान त्याच्यासाठीच उघडे ठेवले होते.

मामा काचेतून समोर बघत होते. मग माझ्याकडं वळले, आणि डोळ्यांत राग नव्हता, राग असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "म्हंजी कंबर चांगली हाय माझी?"

मी म्हटलं, हो मामा.

"कायबी झालेलं न्हाई?"

नाही मामा. काहीच नाही.

ते दार उघडून बाहेर पडले. भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, शर्ट वर करून त्यांनी पट्टा काढला, आणि वाकले. हळूहळू, भीत भीत. बोटं मातीला टेकली. रिक्षावाला बघत होता. मामा उठले, पुन्हा वाकले, आणि तिसऱ्यांदा वाकून उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मीच ढसाढसा रडत होतो. का, ते नका विचारू. सुटल्यासारखं वाटत होतं, त्यांनाही आणि मलाही, पण दोघांचं सुटणं सारखं नव्हतं.

मग ते खिडकीपाशी आले. मंजूला सांगू नका, म्हणाले, पोरगी तुमच्याकडं बघनार न्हाई. एवढंच. तुम्ही व्हा म्होरं, मी चालत येतो. आणि खरंच चालत आले, दीड-दोन किलोमीटर.

पुढच्या रविवारी पिशवी घेऊन यष्टीनं गेले. मी सोडतो म्हणालो, तर नको पाव्हणं, तुमचं चालू द्या, असं अगदी नीट, मानानं म्हणाले. तेव्हापासून माझ्या गाडीत ते बसलेले नाहीत. का बसत नाहीत, ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. पुतण्याची अद्रक रानात उभी होती, त्यामुळं जमीन परत हातात यायला आणखी सात महिने गेले. दोन वर्षं आणि सात महिने, असं मी मोजतो. ते मोजत नसावेत. आता आठवड्यातले चार दिवस ते देवगावातच असतात आणि फोनवर मंजूला सऱ्यांचं सांगतात. मी शेजारी बसून ऐकतो. आता हूं हूं करत नाही.

लिहून झाल्यावर हलकं वाटतंय. लाज वाटायला पाहिजे, ती वाटतेच आहे, पण हलकंही वाटतंय, कशाला लपवू? मामांचा एक शब्द मात्र मी मोडतोय. हे कागद मी टेबलावर ठेवणार आहे, आणि मंजू टेबल आवरते.

आबांच्या कंबरेला कधीच काही झालं नव्हतं, मंजू. पाच शनिवारी गाडी मी मोजून कडक करून ठेवली होती.